कावळा न शिवलेले महिने

९ फेब्रुवारी

काल मी एका माणसाच्या थोबाडीत मारली.

डॉक्टर आवटी मॅडम म्हणाल्या, दुखणं लिहून ठेवा. कधी सुरू होतं, कुठं जातं, कशानं थांबतं. म्हणून ही डायरी. आणि दुखणं लिहायचं तर त्या थोबाडीपासूनच सुरुवात करायला पाहिजे, कारण ती मी मारलीच नाही, दुखण्यानं मारली. निदान डेपोत साहेबांना मी असंच सांगणार आहे.

सातारा-सांगली गाडी, कराडपासून खच्चून भरलेली. मी कंडक्टर, सकाळपासून गोळीवर गोळी खाऊन उभी. पेठ नाका गेला आणि पोटात सुरू झालं. ऊस तोडताना बुडख्यावर कोयता घालतात, पहिल्या घावात तुटला नाही की त्याच जागी पुन्हा घालतात, तसं. कमरेतून मांडीत आणि तिथून पार गुडघ्यापर्यंत. मी दांड्याला कपाळ टेकलं. एक जण तिकिटासाठी खांद्यावर टकटक करायला लागला. थांबा म्हणाले तरी थांबेना. वर म्हणतो कसा, "बाई, झोपायचं तर घरी झोपा की." हात कधी उठला मला कळलं नाही. आवाज मात्र शेवटच्या सीटपर्यंत गेला असणार, कारण तिथं रडणारं पोर एकदम गप्प झालं.

सांगली स्टँडवर उतरताना पायरीवरूनच खाली गेले. हरिबा काकांनी, म्हणजे आमच्या ड्रायव्हरनी, रिक्षात घालून विश्रामबागला आवटी मॅडमकडं नेलं. काका जतकडचे, उमेदीची वर्षं मेंढरामागं गेलेली. माणूस पडला तरी गडबडत नाहीत. सोनोग्राफी झाली. दुखण्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भपिशवीच्या आत जे अस्तर असतं, तसलंच अस्तर पिशवीच्या बाहेर भलत्या जागी वाढतं. पाळी आली की तेही सुजतं, त्यातूनही रक्त सुटतं आणि त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. माझ्या डाव्या अंडाशयावर जुन्या रक्ताची गाठ आहे.

"कधीपासून दुखतंय?"

"शाळेत असल्यापासून."

"मग इतकी वर्षं काय केलं?"

"दातओठ खाल्ले," मी म्हणाले. मॅडम हसल्या नाहीत.

११ फेब्रुवारी

बाहेर बसले आहे. आमच्या घरात अजून हे पाळतात. पाळी आली की गोठ्याशेजारच्या खोलीत राहायचं. चुलीला, देवाला, पाण्याच्या माठाला शिवायचं नाही. दिवसभर अख्ख्या जिल्ह्याच्या हाताला हात लावून तिकिटं द्यायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर तांब्यापासून लांब राहायचं. सासूबाई, म्हणजे राहीबाई, मी त्यांना आत्या म्हणते, उंबऱ्याच्या आतून ताट सरकवतात.

जयराज, माझा नवरा, दारात उभा राहून म्हणाला, "काय म्हनली डॉक्टरीन?"

"गाठ आहे म्हणाल्या."

"गाठीचं नगं सांगू. पोर हुईल का न्हाई, ते सांग."

"अवघड आहे म्हणाल्या, पण…"

पण ऐकायच्या आतच माझं ताट भिंतीवर गेलं. आमटीचा ओघळ अजून तसाच आहे, मला पुसता येत नाही, उठले की चक्कर येते.

मी त्याला ओळखते. पाच वर्षांच्या संसारात त्यानं माझ्यावर एकदाही हात उचललेला नाही, हे आमच्या भावकीत किती जणींना सांगता येईल? वस्तूंवर काढतो. दोन मोबाईल गेले, टीव्ही गेला, आईनं मला दिलेलं शिलाई मशीन गेलं. एकदा कुत्र्याच्या पेकाटात अशी लाथ घातली की ते परत वस्तीवर फिरकलं नाही. फौजेतून हवालदार होऊन आला, तिथं दिवसभर हुकूम आणि इथं उसाला पाणी पाजायचं, माणूस चिडणारच. तापट आहे, वाईट नाही. मी तरी कुठं थंड डोक्याची आहे?

३ मार्च

मॅडमनी आज सगळं समजावून सांगितलं. गोळ्या आहेत, ऑपरेशन आहे आणि एक कॉइल आहे, पिशवीत बसवायची.

"म्हणजे तांबीच की," मी म्हणाले.

"दिसते तांबीसारखी. पण हिच्यात तांबं नाही, हार्मोन आहे. थोडंथोडं सुटत राहतं. अस्तर पातळ पडतं, रक्त कमी होतं, दुखणं कमी होतं. पुष्कळ जणींची पाळी हळूहळू बंदच होते, त्यात काही धोका नसतो. सगळ्यांना सारखा गुण येतो असं मात्र मी सांगणार नाही."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ही आत असेपर्यंत दिवस राहणार नाहीत. काढली की राहू शकतात. तुम्हाला मूल आत्ताच हवं असेल तर आपण वेगळ्या वाटेनं जाऊ. घरी बोला आणि मग या."

घरी बोला! मॅडमना आमच्या भिंतीवरचा ओघळ दाखवायला पाहिजे.

मला मूल नको आहे असं नाही. स्टँडवर एखादीचं तान्हं पोर माझ्याकडं बघून हसलं की सुटे पैसे मोजायचे राहून जातात. पण मला आधी उभं राहायचंय. महिन्यातले निम्मे दिवस मी वाकलेली असते, उरलेले निम्मे पुढच्याची धास्ती घेऊन बसते. असंच चाललं तर एक दिवस डेपोवाले मला गाडीवरून उतरवून टेबलाशी बसवतील, आणि गाडी गेली की मी घरात. घरात मी वेडी होईन. मला ही कॉइल पाहिजे.

१२ मार्च

बसवली.

"थोडं चमकेल," मॅडम म्हणाल्या. थोडं! आतून कुणीतरी चिमट्यात धरून पिळलं. मी नर्सचा दंड एवढा आवळला की तिच्या गोऱ्या कातडीवर माझ्या बोटांचे ठसे उठले. बिचारी म्हणाली, "आवळा आवळा, मला सवय हाय." संपलंही लगेच. मग मी टेबलावर पडून शिव्या दिल्या, कुणाला ते माहीत नाही.

परतीच्या गाडीत हरिबा काकांनी एकही खड्डा खाल्ला नाही. काय झालं म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

घरी मात्र सांगितलं. म्हणजे सांगितलं असं म्हणता येईल का? जयराज जेवत होता. मी म्हणाले, "पिशवीत औषध बसवलंय."

"कशाचं?"

"पिशवी बरी व्हायला."

"म्हंजे पोरासाठनंच की."

मी 'हूं' म्हणाले. नुसतं हूं, बाकी काही नाही. त्यानं अर्धी भाकरी टाकून आईला हाक मारली, "आये, राजीनं औषध बसवून घेतलंय गं!" आणि आत्यांनी माझ्या आमटीत तुपाचा एवढा गोळा टाकला की वर तवंग आला. मी तो गोळा खाल्ला.

२० एप्रिल

मॅडमनी बजावलंच होतं की सुरुवातीला काही महिने थोडं थोडं लागत राहील. तसंच चाललंय. दुखणं जरा उतरलंय, पण डाग थांबत नाहीत, आणि डाग आहे म्हणजे मी बाहेर. गोठ्याशेजारची खोली आता माझीच झाली. चुलीवर आत्या एकट्या. आज त्यांचा धीर सुटला, तापलेली पळी माझ्याकडं फेकली, दंडाला चाटून गेली.

"रोजचं भाईर बसून घर चालतंय व्हय गं? आमी काय बाया न्हवतो? आमाला काय दुखलं न्हाई?"

दंडावर फोड आलाय. गोठ्यातली म्हैस माझ्यापेक्षा मानानं राहते, तिला निदान रोज कुणीतरी अंगाला हात लावतं.

२ मे

आज आष्ट्याजवळ दोन पोरांची खिडकीच्या जागेवरून जुंपली. एकानं दुसऱ्याचं डोकं काचेवर आपटलं, काच फुटली, रक्त समोरच्या आजीच्या मांडीवर. बाकीचे व्हिडिओ काढत होते. मी दोघांच्या मानगुटीला धरलं, ओढत दारापर्यंत आणलं आणि खाली ढकललं. एकानं माझ्या मनगटाला चावा घेतला. त्याला मी वर एक ठेवून दिली.

पुढं सुनसान रस्ता लागल्यावर हरिबा काका आरशातून बघत म्हणाले, "ताई, गाडीत तुमी कुनाच्या बापाचं ऐकत न्हाई. घरी कसं वो?"

"घरी काय?"

"काय न्हाई. दंडाला भाजलेलं दिसलं."

मला राग आला. माणसानं गाडी चालवावी, दुसऱ्याच्या घरात बघू नये. सांगलीपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.

१७ जून

दुखत नाहीये.

मी मुद्दाम थांबून बघितलं. मग पुन्हा बघितलं. मे महिन्यात डाग थांबले, तेव्हा वाटलं, येईल एकदम सगळं भरून. आलं नाही. जूनची तारीख गेली, मी दात आवळून तयार बसले होते, काहीच झालं नाही. आज सातारा स्टँडवर मी मिसळ खाल्ली, दोन पाव, वर चहा, आणि रडले. समोरच्या माणसाला वाटलं तिखट लागलं, त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला.

घरी पहाटे उठून चूल पेटवते, भाकऱ्या थापते, देवाला फूल वाहते, माठ भरते. सगळीकडं हात लावत सुटले आहे. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "घरी माहीत आहे ना की पाळी यामुळंच थांबली?" मी हो म्हणाले. मनात म्हणाले, महिन्याला चार दिवस उगीच बाहेर बसले तर कुणाला कळणार आहे? पण घरी आल्यावर जमलं नाही. इतक्या महिन्यांनी मला माझी चूल मिळाली होती. कशाला जाऊन बसू त्या गोठ्यात?

आत्या माझ्याकडं बघत असतात. अलीकडं लय गोड बोलतात. उन्हाळ्यात पळी फेकली ती बाई हीच का, असं वाटतं.

६ जुलै

देवा, काय होऊन बसलं हे.

आत्या बोटं मोजत होत्या. सून बाहेर बसलेली नाही, एक महिना झाला, दुसरा झाला. त्यांनी मला काहीच विचारलं नाही, सरळ मुलाला सांगितलं. आणि जयराजनं बोकड आणला. नवस होता म्हणे, मला आज कळलं.

मी ड्यूटीवरून आले तर अंगणात भावकी जमलेली. बायका माझी ओटी भरायला उठल्या. मी म्हणाले, "अहो, थांबा, तसं काही नाही."

आत्या म्हणाल्या, "असंच म्हनायचं असतंय गं पयल्या टायमाला. मला मशीन लागत न्हाई. किती दिस झालं कावळा शिवला न्हाई ते मला ठावं हाय."

जयराजनं बोकड स्वतः कापला. एका घावात. पाय अजून झाडत होते, तोवर तो उठला आणि माझ्यापाशी आला, तसाच, कोपरापर्यंत लाल. सगळ्यांच्या देखत माझ्या पोटावर हात ठेवला. माझ्या खाकी साडीवर पंजा उमटला. आणि मग तो रडला. फौजेतला माणूस, पाच वर्षांत त्याला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "राजे, आता मी काय फोडनार न्हाई. शपथ."

अशा वेळी कसं सांगायचं? उद्या सांगते.

१३ जुलै

उद्या सांगते.

साडीवरचा डाग निघाला नाही. मिठानं घासला, साबणानं घासला. डेपोत मी म्हणाले, बोकडाचं आहे, नवस होता. सगळ्यांनी अभिनंदन केलं.

२७ जुलै

सांगितलं.

कराडला नाव नोंदवायला दवाखान्यात निघालो होतो. त्याच्या गाडीवर मागं बसले होते. तो पोराचं नाव ठरवत होता, मुलगाच धरून चालला होता. मला ते ऐकवेना. मी म्हणाले, "गाडी थांबवा." त्यानं सर्व्हिस रोडच्या कडेला घेतली. मला उलटी होतीय असं त्याला वाटलं, पाण्याची बाटली काढली. मी सगळं सांगितलं. कॉइल, पाळी का थांबली, दुखणं कसं गेलं. तो ऐकत होता, ऐकता ऐकता त्यानं हेल्मेट काढलं.

चूक माझीच आहे. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. त्याच्या हातात हेल्मेट होतं म्हणून हेल्मेट लागलं. भुवईच्या वर फुटलं, डोळ्यात रक्त उतरलं, मग मी खाली बसले आणि मग किती वेळा ते मला नीट आठवत नाही. ट्रक थांबत नव्हते. पण दवाखान्यात मला त्यानंच नेलं. टाके पडेपर्यंत बाहेर उभा होता. "गाडीवरनं पडली" असं डॉक्टरला त्यानंच सांगितलं, मला ओठामुळं बोलता येत नव्हतं म्हणून. टाक्यांच्या गोळ्याही आठवणीनं घेतल्या.

वस्तूंवर काढायचा, आज माझ्यावर निघाला. उतरेल राग.

३ ऑगस्ट

उतरला नाही.

आत्या दिवसभर एकच म्हणतात, "तांबी! नवरा घरात असताना बाईला तांबी कशाला लागती?" मी समजावलं, आत्या, ही पाळीच्या दुखण्यासाठी आहे, तुम्ही बघितलंय मी कशी लोळायचे. त्या म्हणाल्या, "लोळायचीस ती नाटकं हुती." भावकीतल्या बायका ओटीचे नारळ परत मागायला आल्या नाहीत, पण दारावरून जाताना थुंकतात.

जयराज विचारतो, "कुनासाठनं बसवलीस? त्या म्हाताऱ्या ड्रायव्हरसाठनं?" उत्तर दिलं तर एक, नाही दिलं तर दोन.

८ ऑगस्ट

पट्टा. पाठीवर, म्हणजे साडीत दिसत नाही. त्याला तेवढी माझ्या नोकरीची काळजी आहे.

११ ऑगस्ट

आज नाही. पाहुणे होते.

१५ ऑगस्ट

सकाळी त्यानं शाळेत झेंड्याला सलामी दिली, माजी सैनिक म्हणून फेटा बांधला. कडक सॅल्यूट. मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर फेटा सोडायच्या आधी माझे केस धरले.

हरिबा काकांनी गाडीत विचारलं, "ताई, डोळ्याला काय?" दार लागलं म्हणाले. ते म्हणाले, "लय दारं हायती तुमच्या घराला."

२४ ऑगस्ट

हे लिहायचं नव्हतं. पण लिहिलं नाही तर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

दुपारी जयराज मोटरीच्या पेटीतून पक्कड घेऊन आला. मला वाटलं, पंपाचं काही असेल. त्यानं दाराला कडी घातली. म्हणाला, "दोरा असतोय म्हनं त्येला. मी सोता वडून काढतो. चुपचाप लेट जा." आणि आईला म्हणाला, "पाय धर."

आत्यांनी धरले. आधी "आरं, नगं" म्हणाल्या, पण धरले. त्यांचे हात थंडगार होते.

पक्कड मांडीला लागली आणि माझ्यातून जो आवाज निघाला तो मी गाडीतसुद्धा कधी काढलेला नाही. मी लाथ झाडली, ती आत्यांच्या हनुवटीवर बसली, त्या मागं कोलमडल्या. त्याच्या मनगटाचा मी लचका तोडला. तोंडात रक्ताची चव आली, त्याच्या. मोरीत घुसले आणि आतून कडी घातली. तो दार फोडत होता, मी पाठ लावून बसले होते. कुणीही आलं नाही. शेजारच्या वस्तीवर लोक भुईमूग निवडत होते, मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, म्हणजे त्यांनाही माझं येत असणार.

शेवटी मीच ओरडले, "काढते! डॉक्टरांकडं जाऊन काढते!" तेव्हा दारावरचे धक्के थांबले.

गुरुवारी काढायची. तो आणि आत्या बरोबर येणार, डोळ्यांनी बघणार. रजा मी मागितली नाही. म्हणाले, माझी गाडी सांगलीलाच जाते, उंब्रजला बसा, तिथं पोचल्यावर काढून घेऊ. तो तयार झाला. मीही तयार झाले आहे. काढून टाकते. दुखलं तर दुखलं, आजवर काढलंच की. निदान हे तरी थांबेल.

२८ ऑगस्ट

ठाण्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. जबाब घेणारे साहेब जेवायला गेलेत.

उंब्रजला दोघं चढले. गाडी साताऱ्यापासूनच भरलेली, पण पुढच्या सीटवरच्या पोरांनी आत्यांना बघून जागा दिली. मी तिकिटाचं मशीन घेऊन त्यांच्यापाशी गेले. जयराज म्हणाला, "आता नवऱ्याला बी तिकीट फाडनार व्हय?" मी त्याचं पूर्ण आणि आत्यांचं अर्धं काढून हातात ठेवलं. त्यानं ती खिशात कोंबली. मनगटाला पट्टी होती.

मग मी मागं गेले. मागून पुढं आले. कराड गेलं, माणसं उतरली, दुसरी चढली, कुणाचं बोचकं दारात, कुणाची कोंबडी पिशवीतून मान बाहेर काढून. नेहमीचंच सगळं. आणि मधेच कुठंतरी माझ्या लक्षात आलं की मी काहीही न धरता चालते आहे. गाडी वळणावर, दोन्ही हात मशीनवर, आणि माझे पाय आपोआप तोल सांभाळताहेत. हे पाय गेली कित्येक वर्षं माझे नव्हते. आज ते परत जाणार होते, आणि ते नेऊन द्यायला मी स्वतःच निघाले होते.

मी त्याच्या सीटपाशी गेले. हळू आवाजात म्हणाले, "मी काढणार नाही."

"काय?"

"कॉइल काढणार नाही. तुम्ही दोघं पुढच्या स्टॉपला उतरा."

तो उठला. पहिली कानाखाली बसली तेव्हा मशीन हातातून पडलं. मग केस. मला दोन सीटच्या मधल्या वाटेत पाडलं आणि बूट पोटात घातला. पुन्हा घातला, तिथंच, ओटीपोटात, नेम धरून. तोंडानं म्हणत होता, "निघंल आता. आता निघंल." मी गुडघे पोटाशी घेतले. मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त ती आतली इवलीशी वस्तू माझ्या हाताखाली झाकायची होती, जशी काही ती हातानं झाकता येते.

चारपाच जण उठले. "ओ, बाईवर हात?" "धरा रं त्येला."

जयराज ओरडला, "माझी बायकू हाय! घरातलं हाय, मधी पडायचं न्हाई कुनी."

आणि ते बसले. एकेक करून सगळे खाली बसले. एक जण तर म्हणाला, "आसं व्हय." त्या बुटापेक्षा ते 'आसं व्हय' मला जास्त लागलं.

गाडी थांबली होती. हरिबा काका केबिनमधून मागं आले. त्यांनी जयराजच्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, बिथरलेल्या जनावरावर ठेवतात तसा, आणि त्याला सीटवर दाबलं. मग माझ्याकडं बघितलं. उठवायला हात दिला नाही.

"ताई, ह्या गाडीत तुमचं चालतंय. सांगा. हितंच उतरवू, का गाडी ठान्यात घिऊ?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आमाला उशीर हुतोय ओ."

आत्या म्हणाल्या, "राजे, नगं गं. घरचं घरात राहू दे. उद्या तुला त्याच घरात यायचंय."

त्याच घरात. त्या गोठ्याशेजारच्या खोलीत, आमटीच्या ओघळाकडं बघत, मांडीपाशी पक्कड. मी सीटला धरून उठले. ओठातून रक्त हनुवटीवर येत होतं. घंटीची दोरी ओढली, दोनदा.

"ठाण्यात घ्या," मी म्हणाले.

गाडी अख्खी ठाण्याच्या दारात उभी राहिली. खिडक्यांतून सगळे डोकी काढून. आतला हवालदार आधी जयराजशीच बोलला, दोघांची फौजेची ओळख निघाली. मग माझ्याकडं वळला. "वहिनी, घरचा मामला हाय. मिटवा की. रागात माणसाकडनं हुतंय."

हरिबा काका म्हणाले, "सायेब, गाडी सरकारी हाय, कंडक्टर ड्यूटीवर हाय. म्या ड्रायवर हाय, म्या बघितलंय."

हवालदारानं कपाळाला हात लावला. माझ्याकडं बघून म्हणाला, "बरं. मारणारा कोन? तुमचा कोन लागतो ह्यो?"

जयराज माझ्याकडं बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, बोकडाच्या दिवशी आले होते तसेच. आत्यांनी पदर तोंडात धरला होता. मला एकदम वाटलं, तापट आहे, वाईट नाही. खरंच वाटलं. तोंडात आलं होतं.

"प्रवासी आहे," मी म्हणाले. "उंब्रज ते सांगली."

२९ ऑगस्ट

विश्रामबाग. मॅडमनी सोनोग्राफी केली. कॉइल जागेवर आहे, तसूभर हलली नाही. त्यांनी मला पडद्यावर दाखवली, अंधारात एक पांढरी रेघ.

पोटावर बुटाचा काळानिळा वळ आहे. वाकता येत नाही, हसता येत नाही, उजव्या कुशीवर झोपता येत नाही. एक दात हलतोय.

आत मात्र काहीसुद्धा दुखत नाही.